मोक बाय ते बावेत: बसने ओलांडलेली सीमा

व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह सिटीहून कंबोडियाच्या राजधानीला, नॉम पेन्हला, रस्त्याने जायचं तर अंतर साधारण २३० किलोमीटर. विमान तासाभरात पोचवतं. बसला सहा-सात तास लागतात आणि त्यातला बराच वेळ मोक बाय आणि बावेत या दोन चौक्यांवर जातो. मोक बाय व्हिएतनामच्या ताय निन्ह प्रांतात, बावेत कंबोडियाच्या स्वाय रिएंग प्रांतात. मी आणि माझी मावशी या वाटेने गेलो आणि त्याच वाटेने परत आलो. मावशीला खिडकीतून देश बघत जायची हौस. मला मात्र जमिनीवरच्या सीमेची काळजी होती. विमानतळावर सगळं एका छपराखाली असतं, पाट्या असतात, विचारायला माणसं असतात. जमिनीवर दोन चौक्यांच्या मधे एक पट्टा असतो. तिथे एका देशाने तुम्हाला सोडलेलं असतं आणि दुसऱ्याने अजून घेतलेलं नसतं. तिथे काही बिनसलं तर कोणाकडे जायचं, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. म्हणून हे सगळं तपशिलात लिहितेय. निघण्यापूर्वी मला असं कोणीतरी सांगायला हवं होतं.

सुरुवात घरी बसून व्हिसाच्या हिशेबाने केली. व्हिएतनामचा ई-व्हिसा १५ ऑगस्ट २०२३पासून ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एकाच प्रवेशाचा २५ डॉलरला, अनेक प्रवेशांचा ५० डॉलरला. आमचं जातानाचं आणि येतानाचं विमान हो चि मिन्ह सिटीचंच होतं, मधे कंबोडिया. म्हणजे व्हिएतनाममध्ये दोनदा शिरायचं. एकाच प्रवेशाचा व्हिसा मोक बायच्या खिडकीवर बाहेर पडण्याचा शिक्का बसला की संपतो, मग त्यावर कितीही दिवस शिल्लक असोत. आम्ही अनेक प्रवेशांचा घेतला. अर्जात कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार ते निवडावं लागतं. तिथे विमानतळ आणि मोक बाय ही दोन्ही नावं नीट बघून भरली, आणि व्हिसा आल्यावर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं.

कंबोडियाचा पर्यटक व्हिसा बावेतलाही मिळतो, ३० डॉलरला, ३० दिवसांचा. पण आम्ही तोही आधीच ऑनलाइन काढला. सीमेवर पैशांचा आणि पासपोर्टचा जितका कमी व्यवहार होईल तितकं बरं, एवढाच विचार. इथे एक सांगते. दोन्ही देशांच्या सरकारी संकेतस्थळांसारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळं शोधताना वर येतात आणि जास्त पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी सरकारी खूण आहे ना, ते बघितल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नये.

खरं तर आमच्या मूळ बेतात व्हिएतनामला परत यायचंच नव्हतं. कंबोडियातल्याच सिएम रीपला अंकोर वाटची मंदिरं बघायची, तिथून रस्त्याने थायलंडच्या सीमेवरच्या पोइपेतला जाऊन थायलंडमध्ये शिरायचं आणि बँकॉकहून घरी. पण २०२५च्या जूनपासून थायलंड आणि कंबोडियामधली भूसीमा बंद होत गेली आणि २४ जुलैला प्रत्यक्ष लढाई सुरू झाली. आमचं जाणं त्या वर्षीच्या दिवाळीनंतरचं. तेव्हा बोलणी चालू होती, 'आता शांत आहे' असं बरेच जण सांगत होते. तरी आम्ही तो टप्पा काढून टाकला. प्रवासविम्याचे नियम वाचले तर युद्धामुळे होणारं नुकसान त्यात धरलेलंच नव्हतं. आम्ही परत आल्यावर डिसेंबरमध्ये तिथे पुन्हा लढाई पेटली. सीमा उघडी आहे की बंद, एवढ्यावर भागत नाही. ती कोणत्या कारणाने बंद झाली होती आणि ते कारण मिटलंय का, हे बघायला हवं. भारतीय दूतावासाच्या सूचना आम्ही निघेपर्यंत रोज बघत होतो.

मावशी बँकेत रोखपाल होती. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण नोट हातात आली की अंगठा आपोआप तिच्या कडेवरून फिरतो. कंबोडियात रिएलच्या बरोबरीने डॉलर सर्रास चालतात, एका डॉलरला साधारण ४,००० रिएल. मात्र फाटलेली, पेनाने काही लिहिलेली, कोपरा गेलेली डॉलरची नोट दुकानदार घेत नाहीत. चलन बदलून घेताना मावशीने काउंटरवरच एकेक नोट उजेडात धरून पाहिली. एका वीसच्या नोटेच्या मधल्या घडीवर केसाएवढी चीर होती, ती तिने परत केली. पलीकडचा मुलगा म्हणाला, "आजी, चालते हो ही." मावशी म्हणाली, "इथे चालेल बाळा, तिथे नाही चालणार. बदलून दे." सगळे पैसे तिने तीन जागी ठेवले: थोडे पर्समध्ये, थोडे माझ्याकडे, बाकीचे कमरेच्या कापडी पट्ट्यात. सीमेवर पट्टा उघडायची वेळ येऊ नये म्हणून त्या दिवसाला लागतील तेवढे सुटे पैसे वेगळ्या पाकिटात. व्हिएतनाममध्ये जाता-येता ५,००० डॉलरपेक्षा जास्त परकीय चलन किंवा दीड कोटी डाँगपेक्षा जास्त रोख असेल तर कस्टम्सला सांगावं लागतं. दीड कोटी ऐकायला अफाट वाटतं, पण हिशेब केला तर रुपयांत पन्नास हजारांच्या आसपासच येतं. शेवटचे डाँग आम्ही शहरातच संपवले.

पासपोर्ट आणि दोन्ही व्हिसांच्या छापील प्रती दोघींनी एकमेकींच्या सामानात ठेवल्या. माझ्या तिच्याकडे, तिच्या माझ्याकडे. एकीची बॅग गेली तर दुसरीकडे कागद राहावेत. धाकट्या भावाला बसची वेळ, हॉटेलचा पत्ता आणि 'आमच्याकडच्या संध्याकाळी सातपर्यंत निरोप आला नाही तर हॉटेलला फोन कर' एवढं लिहून पाठवलं. व्हिएतनाम आणि कंबोडिया घड्याळात सारखेच, भारतापेक्षा दीड तास पुढे. म्हणून त्याच्या घड्याळातली वेळही सोबत लिहिली. व्हिएतनामचं सिम बावेतनंतर थोड्याच वेळात मुकं होतं, तेव्हा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घेतला आणि हॉटेलचा पत्ता कंबोडियाच्या ख्मेर लिपीत साठवून ठेवला.

बस सकाळची घेतली, कारण चौकीवर कितीही वेळ मोडला तरी नॉम पेन्हला उजेडात पोचायचं होतं. शहर मागे पडल्यावर बसमधला मदतनीस पिशवी घेऊन रांगेरांगेने पासपोर्ट गोळा करायला लागला. या मार्गावर ही पद्धतच आहे. तो सगळ्यांचे पासपोर्ट गठ्ठ्याने खिडकीत देतो, शिक्के बसले की नावं पुकारून परत करतो. ज्यांना व्हिसा काढायचा होता त्यांच्याकडून तो ३० डॉलरऐवजी जास्त पैसे मागत होता. वरचे पैसे 'सेवेचे'. बहुतेकांनी मुकाट दिले. त्याचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही, त्याला बस वेळेत काढायची होती. पण आपला पासपोर्ट अनोळखी माणसाच्या पिशवीत, आपण एका गाडीत आणि तो दुसऱ्या इमारतीत, हे मला कुठल्याही देशात मान्य नाही.

मी हसून मान हलवली, दोघींचे ई-व्हिसाचे कागद त्याला दाखवले आणि सावकाश इंग्रजीत म्हटलं, "आम्ही स्वतः रांगेत उभ्या राहू. पासपोर्ट आमच्याजवळच ठेवतो." तो दोनदा म्हणाला, उशीर होईल, बस थांबणार नाही. मी दोन्ही वेळा तेच वाक्य, त्याच आवाजात. शेवटी त्याने खांदे उडवले आणि यादीत आमच्या नावांपुढे खूण केली. बस थांबली तेव्हा उतरण्याआधी मी नंबरप्लेटचा फोटो काढला, आणि मदतनिसाचाही, त्याला विचारून. तो छान उभा राहिला फोटोला. एकाच रंगाच्या चार बसगाड्या शेजारी शेजारी लागतात तेव्हा आपली कुठली हे ओळखायला माणूस बरा पडतो.

मोक बायचा हॉल मोठा आहे आणि आत गोंगाट. गठ्ठेवाले मदतनीस खिडकीशी दाटीने उभे, मागे प्रवासी नाव ऐकू येण्याची वाट बघत. आम्ही रांगेत होतो तेव्हा एक बाई मावशीशेजारी येऊन उभी राहिली. अंगावर बरं नीटनेटकं, चेहरा थकलेला. हातातली प्लास्टिकची पिशवी पुढे करून खुणेने सांगायला लागली, एवढी पलीकडे न्याल का, माझ्याकडे जास्त झालंय. वरून सिगारेटची पाकिटं दिसत होती. खाली काय होतं ते कोण सांगणार? मावशीने हात जोडले आणि ठाम 'नाही' म्हणाली. बाई पुढच्या माणसाकडे वळली. अमली पदार्थांच्या व्यापाराला व्हिएतनाममध्ये मृत्युदंडाची तरतूद आहे. तपासणी यंत्रावरून पिशवी जाते तेव्हा ती ज्याच्या हातात असते त्याची धरली जाते. वय, दया, ओळख, कशाकरताही दुसऱ्याचं सामान उचलू नये. आमच्या बॅगांना कुलपं होती आणि त्या सबंध वेळ आमच्या पायांशी होत्या.

शिक्का बसला. पलीकडे बस उभी होती, तिच्यात बसून थोडंसंच अंतर आणि मग बावेत. मधल्या पट्ट्यात काही माणसं येऊन म्हणत होती, व्हिसा इथे करून देतो, आरोग्याचा फॉर्म भरावा लागेल, त्याचे पैसे द्या. गळ्यात ओळखपत्र लटकवलेलं, शर्ट इस्त्रीचा. अधिकारी खिडकीच्या आत बसतो, बाहेर फिरून पैसे गोळा करत नाही, हे आम्ही मनाशी पक्कं धरलं होतं. कुणाशी वाद घातला नाही, कुणाला खोटारडा म्हटलं नाही, सरळ इमारतीत शिरलो.

आत बोटांचे ठसे घेतले, फोटो घेतला, शिक्का मारला. खिडकीपासून बाजूला होऊन, पण रांग सोडून न जाता, पासपोर्ट उघडून बघायचं असं आम्ही ठरवलेलं होतं. माझा ठीक होता. मावशीच्या पासपोर्टवर प्रवेशाची तारीख स्वच्छ उमटली होती, पण कधीपर्यंत राहता येईल ती तारीख पुसट. आकडा ३ की ८ ते कळेना. मावशी तशीच मागे फिरली आणि पासपोर्ट खिडकीत सरकवून त्या आकड्यावर बोट ठेवलं. अधिकाऱ्याने काही न बोलता पेनाने तारीख गिरवली आणि शेजारी सही केली. अर्ध्या मिनिटाचं काम. पण मुदत ओलांडून राहिलं तर कंबोडियात दिवसाला १० डॉलर दंड बसतो, आणि बाहेर पडताना तो आकडा ३ होता हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावरच येते.

बस गठ्ठेवाल्यांसाठी थांबली होती. आम्ही सावलीत उभ्या राहून बोलत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, तुम्ही महाराष्ट्रातल्या का?" बावीस-तेवीसचा मुलगा, पाठीवर एक सॅक, आमच्याच बसमधला. मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला होता. म्हणाला, इथेच उतरायचंय, गाडी घ्यायला येणार आहे. नोकरी लागलीय. कॉम्प्युटरवर डेटा एन्ट्री, राहणं-जेवण कंपनीचं, पगार डॉलरमध्ये.

माझ्या पोटात गोळा आला. बावेत हे कॅसिनोंचं गाव म्हणून ओळखलं जातं, आणि गेल्या काही वर्षांत बावेत, सिहानुकविल, पोइपेत ही नावं एका वेगळ्याच कारणाने बातम्यांत येत आली आहेत. नोकरीच्या नावाखाली आणलेल्या तरुणांना इमारतींत कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करून घेतली जाते. मार्च २०२४मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं होतं की कंबोडियातून सुमारे २५० भारतीयांना सोडवून परत आणलं आहे. त्यातले कित्येक असेच पर्यटक व्हिसावर आलेले.

मी त्याला घाबरवलं नाही. मावशीने त्याला पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, "कंपनीचं पत्र आहे का रे तुझ्याकडे?" नव्हतं, सगळं व्हॉट्सॲपवर. "व्हिसा दाखवतोस?" त्याने पासपोर्ट उघडला. व्हिसावर टी हे अक्षर, म्हणजे पर्यटकाचा. नोकरीसाठी येणाऱ्याला ई वर्गाचा लागतो. एजंटने सांगून ठेवलं होतं की खिडकीवर 'फिरायला आलोय' म्हणायचं, कामाचा परवाना नंतर होईल. आणि गाडी घेऊन येणाऱ्या माणसाकडे पासपोर्ट द्यायचा, परवान्यासाठी.

ते ऐकल्यावर मावशी त्याच्या शेजारी पायरीवर बसली. "हे बघ, पासपोर्ट घेऊन ठेवणारी कंपनी कसली? तुझं तिकीट कुठपर्यंत आहे?" तिकीट नॉम पेन्हपर्यंतचं होतं. "मग बसमध्येच बस. नोकरी खरी असेल तर ते तुला नॉम पेन्हला भेटतील, दूतावासात कागद दाखवतील. खोटी असेल तर येणार नाहीत." त्याचा फोन सारखा वाजत होता. तो म्हणाला, एजंटला दीड लाख दिलेत, कर्ज काढून. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला त्याच्या घरी फोन लावायला सांगितलं, माझ्या फोनवरून. मोठा भाऊ होता पलीकडे. त्याला मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग एवढंच म्हणाला, "त्याला म्हणावं बसमधून उतरायचं नाही."

बस सुटेपर्यंतचा वेळ मला फार मोठा वाटला. मुलगा आमच्या मागच्या सीटवर आतल्या बाजूला बसला, फोन बंद करून. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं नॉम पेन्हच्या भारतीय दूतावासात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने त्याची शांतपणे चौकशी केली, एजंटचे निरोप बघितले, आणि भावाशी बोलून परतीच्या तिकिटाचं ठरलं. जो पर्यटक म्हणून जातोय त्याला हे आपल्याशी संबंधित नाही असं वाटू शकतं. पण सीमेवर पर्यटकांच्या रांगेतच ही मुलं उभी असतात, पर्यटकाचंच वाक्य पाठ करून. आपल्या भाषेत कोणी बोललं तर थांबून दोन प्रश्न विचारावेत. व्हिसा कुठला आणि पासपोर्ट कोणाकडे जाणार, एवढे दोन पुरतात.

बावेतनंतर रस्ता सपाट, दोन्हीकडे भातखाचरं. न्याक लुआँगला बस मेकाँग नदीवरच्या त्सुबासा पुलावरून गेली. जपानच्या मदतीने बांधलेला हा पूल २०१५मध्ये खुला झाला, त्याआधी इथे गाड्या फेरीबोटीने पलीकडे जात. मावशी खिडकीला नाक लावून बसली होती. तिच्या मनासारखं झालं.

नॉम पेन्हमध्ये बस थांबल्या थांबल्या टुकटुकवाले दाराशी येतात. आम्ही ॲपवरून गाडी बोलावली, भाडं आधी दिसतं आणि प्रवासाची नोंद राहते. टुकटुकमध्ये बॅग पायांमधे, पर्सचा पट्टा आडवा, आणि फोन रस्त्याच्या बाजूच्या हातात अजिबात नाही. मोटारसायकलवरून येऊन फोन हिसकावण्याचे प्रकार इथेही होतात आणि हो चि मिन्ह सिटीतही. रस्त्यात नकाशा बघायचाच असेल तर दुकानाच्या आत जाऊन भिंतीला पाठ लावून बघायचा. कंबोडियात पोलिसांचा नंबर ११७, रुग्णवाहिकेचा ११९. व्हिएतनाममध्ये ११३ आणि ११५. हे आम्ही कागदावर लिहून पर्समध्ये ठेवले होते, कारण फोन गेला तर त्यातले नंबरही गेले. पासपोर्ट हरवलाच तर पोलिसांत तक्रार, मग दूतावासातून परतीचं तातडीचं प्रमाणपत्र, आणि त्यावर त्या देशाची बाहेर पडण्याची परवानगी, असे टप्पे असतात. म्हणून सिएम रीपला मंदिरं बघतानाही पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि अंगावर फक्त प्रत.

परतताना बावेतला बाहेर पडण्याचा शिक्का पटकन झाला. मोक बायला आमच्या पुढे आमच्याच बसमधलं एक जोडपं होतं, आमच्यासारखंच व्हिएतनाममधून फिरायला गेलेलं. अधिकाऱ्याने त्यांचा ई-व्हिसा पाहिला, पान उलटलं, पुन्हा पाहिलं आणि मान हलवली. व्हिसा एकाच प्रवेशाचा होता, कंबोडियाला जाताना वापरून झालेला. तारखेप्रमाणे अजून दोन महिने शिल्लक होते, ते दोघं पुन्हा पुन्हा ती तारीख दाखवत होते. मागेही जाता येईना, कारण कंबोडियाचा पर्यटक व्हिसाही एकाच प्रवेशाचा असतो आणि त्यावर बाहेर पडल्याचा शिक्का पाच मिनिटांपूर्वी बसला होता. व्हिएतनामचा नवा ई-व्हिसा यायला सर्वसाधारणपणे कामाचे तीन दिवस लागतात, आणि त्यांचं विमान दुसऱ्या रात्रीचं.

बाई रडकुंडीला आली होती. मावशी तिच्याजवळ गेली. "तुमच्याकडे डॉलर आहेत का? कंबोडियाचा व्हिसा बावेतला पुन्हा मिळेल, तीस डॉलरला एक. खिडकीतूनच घ्या, बाहेरच्या कुणाकडून नको. आणि बावेतमध्ये रात्र काढू नका. नॉम पेन्हला जा आणि घरचं विमान तिथूनच धरा." मी आमच्या मदतनिसाला शोधून आणलं. तोच होता, जातानाचा. तो त्या दोघांना घेऊन बावेतच्या चौकीकडे निघाला, आणि आमची रांग पुढे सरकली.